साथीच्या काळातील मिस्सा, संस्कार आणि धर्मग्राम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चची दारं बंद होतात तेव्हा लोक जे विचारतात ते नुसतं वेळापत्रक नसतं. ‘मिस्सा चुकली, पाप लागेल का?’, ‘फोनवर कन्फेशन होईल का?’, ‘आईला शेवटचा अभ्यंग मिळाला नाही, तिचं काय झालं असेल?’ हे विचारताना माणसाचा आवाज कापतो. (मिस्सा म्हणजे चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची सामूहिक उपासना, कन्फेशन म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली देऊन क्षमा मागणं, अभ्यंग म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार.) पुढची उत्तरं कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यावर आणि २०२०-२१ च्या कोविड साथीत व्हॅटिकनने काढलेल्या आदेशांवर आधारलेली आहेत. बारीकसारीक नियम प्रत्येक धर्मप्रांताचे बिशप आणि तिथलं सरकार ठरवतं. त्यामुळे इथलं वाचून झाल्यावर आपल्या बिशपांचं परिपत्रकही जरूर वाचा.

रविवारची मिस्सा चुकली तर पाप लागतं का?

जाणं शक्यच नसेल तर नाही. रविवारी मिस्सेला जाणं हे कर्तव्य आहे (कॅनन १२४७; कॅनन म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम), पण गंभीर कारण असेल तर ते कर्तव्य उरत नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाच्या, २१८१ व्या परिच्छेदात आजारपण आणि तान्ह्या मुलाची देखभाल ही उदाहरणं दिली आहेत. स्वतः आजारी असणं, आजाऱ्याची सेवा करणं, विलगीकरणात असणं किंवा घरात ज्याला संसर्ग झाला तर जीवावर बेतेल असं माणूस असणं, ही सगळी गंभीर कारणंच आहेत. त्यासाठी कोणाकडून लेखी परवानगी आणायला नको.

याशिवाय बिशप आपल्या धर्मप्रांतातल्या सगळ्यांना या कर्तव्यातून सूट देऊ शकतात (कॅनन ८७). धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या स्थानिक समाजाच्या) प्रमुख धर्मगुरूंनाही एखाद्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला अशी सूट देता येते (कॅनन १२४५). कोविडमध्ये जगभरच्या बिशपांनी हेच केलं.

सूट आहे, पण मला राहवत नाही. थोडा खोकला आहे, मास्क लावून गेलो तर?

जाऊ नका. हे उत्तर कठोर वाटेल, पण तुमच्या शेजारच्या बाकावर कोण बसलंय आणि त्याच्या फुप्फुसांची अवस्था काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्या दिवशी घरी थांबणं म्हणजे शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा पाळणंच आहे. देवाची ओढ लागली म्हणून आलेलं रडू त्याच्यापर्यंत घरातूनही पोहोचतं.

टीव्हीवर किंवा मोबाइलवर मिस्सा पाहिली तर ‘मिस्सा झाली’ असं म्हणायचं का?

सूट असेल तर कर्तव्यच उरलेलं नसतं, मग ते ‘पूर्ण झालं का’ हा प्रश्नही उरत नाही. सूट नसेल आणि तुम्ही धडधाकट असाल, तर पडद्यावरची मिस्सा चर्चमधल्या मिस्सेची जागा घेत नाही.

पण खरा मुद्दा कर्तव्याच्या पलीकडचा आहे. मिस्सा हा पाहण्याचा कार्यक्रम नाही. तिथे एकत्र जमलेले लोक असतात, भाकर असते, ती हातात घेतली जाते, खाल्ली जाते. पोप फ्रान्सिस यांनी ९ मार्च २०२० पासून सुमारे दहा आठवडे आपली रोजची सकाळची मिस्सा व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातून थेट दाखवली. घरात कोंडलेल्या लाखो लोकांना तिने धीर दिला. तरीही त्याच मिस्सेत, १७ एप्रिलच्या प्रवचनात, त्यांनी सावध केलं : लोकांवाचून, भाकरीवाचून, संस्कारांवाचून येशूशी जवळीक साधणं धोक्याचं आहे, आणि ही परिस्थिती एका बोगद्यासारखी आहे, तिथून बाहेर पडायचं आहे, तिथे मुक्काम करायचा नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण ज्यांनी स्वतः कॅमेरा लावू दिला त्यांनीच त्याची मर्यादाही सांगितली.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रक्षेपण साथीच्या आधीही होतं आणि नंतरही लागणार आहे. साथ ओसरली म्हणून धर्मग्रामाने त्यांचा कॅमेरा काढून घेऊ नये.

मग घरी बसून रविवार कसा पाळायचा?

कॅनन १२४८ यात स्पष्ट आहे. मिस्सा शक्य नसेल तेव्हा घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी, असं तो सुचवतो. प्रक्षेपण पाहणार असाल तर ते थेट असलेलं बरं, कारण त्या क्षणी कुठेतरी खरोखर मिस्सा चाललेली असते. वेळेआधी आंघोळ करून नीट कपडे घाला. टेबलावर क्रूस आणि मेणबत्ती ठेवा. उभं राहायच्या वेळी उभे राहा, उत्तरं मोठ्याने द्या. मिस्सा चालू असताना भाजी निवडू नका, दुसरे संदेश पाहू नका.

इंटरनेट नसेल तर त्या रविवारची वाचनं बायबलमधून वाचा. घरातल्या लहान मुलालाच वाचू द्या. नंतर दोन मिनिटं शांतता, मग प्रत्येकाने एकेक विनंती बोलायची, शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. एवढी प्रार्थना पुरते. अनेक घरांत आईवडिलांनी मुलांसमोर मोठ्याने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली ती आयुष्यात पहिल्यांदा याच काळात.

आध्यात्मिक कम्युनियन म्हणजे काय?

ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) प्रत्यक्ष घेता येत नसताना ते घेण्याची मनापासून इच्छा करणं आणि ती प्रार्थनेतून बोलून दाखवणं. ही युक्ती साथीत शोधलेली नाही. संत आल्फोन्स लिगोरी यांनी अठराव्या शतकात लिहिलेली प्रार्थना आजही म्हटली जाते. तिचा आशय असा : येशू, तू या संस्कारात आहेस यावर माझा विश्वास आहे, आता मला तुला प्रत्यक्ष स्वीकारता येत नाही, तेव्हा निदान माझ्या हृदयात ये. याच शब्दांत म्हणायला हवी असं नाही. भूक खरी असली की झालं.

कम्युनियन हातावर घेणं अनादर आहे का?

नाही. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना शिकवत होते की, डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरा, कारण त्यावर राजा येणार आहे. काळाच्या ओघात जिभेवर देण्याची प्रथा रूढ झाली. १९६९ साली व्हॅटिकनने बिशप मंडळांना हातावर देण्यासाठी परवानगी मागण्याची वाट मोकळी केली. साथीत अनेक बिशपांनी काही काळ फक्त हातावर घ्यायला सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर जिभेवर घेतलं त्यांना हे जड गेलं, आणि त्यांच्या भावनेची टिंगल कोणी करू नये. पण श्रद्धा असते ती मनात. स्वच्छ हातांवर भाकर घेऊन, तिथेच उभं राहून ती खाऊन, तळहातावर कण उरला नाही ना हे पाहणारा माणूस पुरेपूर आदर करत असतो.

द्राक्षारसाचा कप देणं बंद केलं, म्हणजे अर्धीच कम्युनियन मिळते का?

नाही. भाकर आणि द्राक्षारस या दोन्हींपैकी कोणत्याही एकात ख्रिस्त पूर्ण असतो, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये ती पुन्हा ठासून सांगितली.

शांतिचिन्ह आणि पवित्र पाण्याची भांडी का काढली?

शांतिचिन्ह म्हणजे मिस्सेत शेजाऱ्याशी हात मिळवणं. हात आणि पाणी दोन्हींतून संसर्गाची भीती होती म्हणून. मिस्साग्रंथातच शांतिचिन्हाची सूचना ‘योग्य वाटल्यास’ अशी आहे, त्यामुळे ते गाळल्याने मिस्सेत काही उणं राहत नाही. शेजाऱ्याकडे वळून हात जोडले, डोळ्यांत पाहून हसलं, तरी शांती पोहोचते.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर कन्फेशन होतं का?

होत नाही. फादर प्रेमाने ऐकून घेतील, सल्ला देतील, तुमच्यासोबत प्रार्थनाही करतील, पण फोनवरून पापक्षमेचा संस्कार देऊ शकणार नाहीत. इंटरनेटवर संस्कार नसतात, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलं होतं. संस्कार देणारा आणि घेणारा समोरासमोर लागतात. मधे जाळी चालते, सहा फुटांचं अंतर चालतं, पण एकमेकांच्या सहवासात असायला हवं.

मग मार्ग काय? रोमच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शरीने (पापक्षमेचे विषय पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या कार्यालयाने) २० मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या सूचनेत बंदिस्त कन्फेशन-पेटीऐवजी हवेशीर जागा, योग्य अंतर आणि मास्क सुचवला होता. गुप्ततेची पूर्ण काळजी घ्यायलाही सांगितलं होतं. मोकळ्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवल्या की आवाज चढवावा लागतो आणि पलीकडच्या रांगेला सगळं ऐकू जातं. म्हणून जागा निवडणाऱ्या स्वयंसेवकांनी आधी स्वतः बसून बोलून पाहावं. कन्फेशनचं गुपित राखणं ही फादरांइतकीच जागा आखणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

आणि फादर भेटणंच शक्य नसेल तर?

त्या वेळी कॅटेकिझमचा १४५२ वा परिच्छेद आधार देतो. देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप झाला, आणि शक्य होईल तेव्हा लगेच कन्फेशनला जाण्याचा पक्का निश्चय असला, तर गंभीर पापांचीही क्षमा होते. याला पूर्ण पश्चात्ताप म्हणतात. देवासमोर बसा, काय चुकलं ते आडपडदा न ठेवता बोला, क्षमा मागा, निश्चय करा. संस्कारांच्या बाहेर देवाचे हात बांधलेले नाहीत.

सामूहिक पापक्षमा म्हणजे काय?

एकेकाचं कन्फेशन ऐकणं शक्य नसताना अनेकांना एकाच वेळी पापक्षमा देणं. कॅनन ९६१ त्याला फक्त मृत्यूचा धोका किंवा गंभीर गरज असताना परवानगी देतो, आणि गंभीर गरज आहे की नाही हे बिशप ठरवतात. २०२० च्या सूचनेत रुग्णालयातल्या वॉर्डांच्या दाराशी उभं राहून, आवाज आतपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करून पापक्षमा देण्याचं उदाहरण आहे. ती घेणाऱ्याला पश्चात्ताप हवा, आणि पुढे संधी मिळाल्यावर गंभीर पापांचं वैयक्तिक कन्फेशन करण्याची तयारीही हवी.

आमचं माणूस अतिदक्षता विभागात आहे, आत कोणालाच सोडत नाहीत. अभ्यंग कसा मिळेल?

सगळ्यात आधी : उशीर करू नका. आजाऱ्यांचा अभ्यंग फक्त मरणाऱ्यांसाठी असतो हा गैरसमज साथीत फार महागात पडला. गंभीर आजार सुरू होताच, रुग्ण शुद्धीवर असताना, रुग्णालयात हलवण्याच्या आधीच फादरांना फोन करा.

रुग्ण आत गेला असेल तरी रुग्णालयाला विचारा. संरक्षक पोशाख घालून आत जायची परवानगी काही ठिकाणी मिळाली, काही ठिकाणी नाही. मिळाली तर विधी अगदी थोडक्यात होऊ शकतो. तातडीच्या वेळी कपाळावर एकच अभ्यंग पुरतो. आणि कॅनन १००० नुसार, एरवी फादर स्वतःच्या हाताने तेल लावतात, पण गंभीर कारण असेल तर साधन वापरता येतं. हातमोजा आणि कापसाचा बोळा यासाठीच. अभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. नर्स, नातेवाईक किंवा धर्मभगिनी यांना तो देता येत नाही.

पण जे त्यांना करता येतं ते लहान नाही. ख्रिस्ती नर्स रुग्णाच्या कानाशी येशूचं नाव घेऊ शकते, त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करू शकते. घरचे फोन कानाला लावून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणू शकतात. उत्तर येत नसलं तरी म्हणत राहा.

अभ्यंग न मिळताच माझी आई गेली.

हा प्रश्न नाही, हे मला कळतं. तरी उत्तर देतो.

मार्च २०२० च्या आदेशात ख्रिस्तसभेने नेमका याच माणसांचा विचार केला होता. अभ्यंग आणि शेवटची कम्युनियन मिळू न शकलेल्या, मरणाच्या दारात असलेल्या श्रद्धावंतांना तिने देवाच्या दयेच्या हाती सोपवलं आणि पूर्ण दंडमाफी (पापांची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेतून सुटका) दिली. अट एवढीच की मनाची योग्य तयारी असावी आणि आयुष्यात प्रार्थना म्हणायची सवय असावी. एरवी पाळायच्या तीन अटींची (कन्फेशन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना) जागा अशा वेळी ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते. तुमच्या आईने रोज रात्री जी रोझरी म्हटली ती त्या रात्रीही तिच्याजवळच होती. तुम्ही काही चुकवलेलं नाही. दार बंद होतं, आणि ते तुम्ही बंद केलेलं नव्हतं.

बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलावा का?

बाळ ठणठणीत असेल आणि जमणं धोक्याचं असेल तर थोडा काळ थांबायला हरकत नाही. किंवा आईवडील, एखादे धर्मपालक आणि फादर एवढ्यांतच उरकावा. मोठा समारंभ नंतरही करता येतो. बाळाच्या जिवाला धोका असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका. अशा वेळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे ते करण्याच्या इच्छेने बाप्तिस्मा देऊ शकते. डोक्यावर साधं पाणी ओतत म्हणायचं : ‘(नाव), मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ बाई असेल तर ‘देते’. ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हणू नका. त्या शब्दांनी बाप्तिस्मा होत नाही, असं व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. नंतर धर्मग्रामाला कळवून नोंद करून घ्या.

व्हिडिओ कॉलवर लग्न लागतं का?

नाही. वधूवर प्रत्यक्ष किंवा रीतसर नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत एकत्र हजर असावे लागतात (कॅनन ११०४). पाहुणे मात्र पडद्यावरून खुशाल पाहू शकतात. लग्नाला फादर आणि दोन साक्षीदार पुरतात, बाकी सगळी हौस.

पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) काय बदललं?

ईस्टरची तारीख हलवता येत नाही, हे रोमने सुरुवातीलाच सांगितलं. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता आणि तो त्याच दिवशी साजरा झाला, चर्च रिकामी असूनही. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक चर्चच्या आतच ठेवण्यात आली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळला. शुभ शुक्रवारी आजारी, मृत आणि भेदरलेल्या लोकांसाठी एक खास विनंती जोडली आणि क्रुसाचं चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूंपुरतं ठेवलं. ईस्टरच्या जागरात बाप्तिस्म्याऐवजी फक्त बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी झाली. २०२१ च्या राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) फादरांनी विधीचं ठरलेलं वाक्य एकदाच सर्वांना उद्देशून म्हटलं आणि मास्क लावून, काही न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर राख भुरभुरली. कपाळावर खूण नव्हती म्हणून अनेकांना चुकल्यासारखं वाटलं, पण डोक्यावर राख टाकणं ही बायबलमधलीच जुनी रीत आहे.

चर्च बंद ठेवणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नाही का? पूर्वीचे संत तर साथीत मिरवणुका काढत.

काढत. पण ते आणखीही काही करत. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला तेव्हा कार्डिनल चार्ल्स बोरोमियो यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या हे खरं. त्याचबरोबर लोकांना घरांत थांबावं लागलं तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या. लोक खिडक्यांमधून मिस्सेत सामील झाले. आजच्या प्रक्षेपणाची मुळं मला त्या खिडक्यांत दिसतात. फरक इतकाच की, तिथे वेदी त्यांच्याच रस्त्यावर होती.

संत आलोयसियस गोन्झागा १५९१ मध्ये रोममध्ये रुग्णांची सेवा करताना वयाच्या २३ व्या वर्षी गेले. त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला, दुसऱ्याचा नाही. श्रद्धेच्या नावाखाली इतरांना धोक्यात लोटणं हे संतांच्या वाटेने जाणं नव्हे.

साथ ही देवाची शिक्षा आहे का?

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला (लूक १३). २७ मार्च २०२० च्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस रिकाम्या संत पेत्र चौकात एकटे उभे होते. बाजूला १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून नेलेला सान मार्चेल्लो चर्चचा क्रूस होता. वाचन होतं वादळात झोपलेल्या येशूचं. ही देवाच्या न्यायाची वेळ नाही, काय महत्त्वाचं आणि काय क्षणिक हे आपण निवडण्याची वेळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रुग्णाच्या घरी जाऊन ‘हे पापाचं फळ’ म्हणणाऱ्यांनी तो शुभवर्तमानाचा उतारा आधी पुन्हा वाचावा.

लस घेण्यात नैतिक अडचण आहे का?

काही लसींच्या संशोधनात किंवा निर्मितीत अनेक दशकांपूर्वीच्या गर्भपातातून आलेल्या पेशीमालिका वापरल्या होत्या. म्हणून प्रश्न रास्त आहे. २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात व्हॅटिकनने सांगितलं की निर्दोष पर्याय उपलब्ध नसताना अशा लसी घेणं नैतिकदृष्ट्या चालतं, आणि तसं करणं म्हणजे त्या गर्भपाताला मान्यता देणं नव्हे. लस ऐच्छिक असावी, पण न घेणाऱ्याने इतरांना संसर्ग होणार नाही यासाठी इतर उपाय पाळावेत, हेही त्यात आहे.

अंत्यविधीला मोजकीच माणसं. दफनाऐवजी दहन करावं लागलं तर?

ख्रिस्तसभेला दफन अधिक प्रिय आहे, पण ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धच्या कारणासाठी नसेल तर दहनाला १९६३ पासून परवानगी आहे. साथीच्या नियमांमुळे झालेल्या दहनाची मनाला टोचणी लावून घेऊ नका. पुनरुत्थान करणाऱ्या देवाला राख अडत नाही. २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी आणि राख दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी, विखरू नये, घरात ठेवू नये.

अंत्यविधीची मिस्सा त्या वेळी झाली नसेल तर नंतर मागून घ्या. २०२० मध्ये मृतांसाठीची नोव्हेंबरची दंडमाफी एरवीच्या आठ दिवसांऐवजी पूर्ण महिनाभर वाढवली होती, कारण दफनभूमीत गर्दी नको होती आणि कोणी वंचितही राहू नये होतं.

धर्मग्रामाने आणखी काय करावं?

यादी करा. कोण एकटं राहतं, कोणाकडे स्मार्टफोन नाही, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरात माणूस गेलं. प्रत्येक वाडीसाठी किंवा गल्लीसाठी एक माणूस नेमा आणि त्याने आठवड्यातून एकदा दहा घरी फोन करायचा. धर्मशिक्षणाचा वर्ग ऑनलाइन भरवणं सोपं आहे, पण मुलांचे आईवडील बेकार झालेत का, हे त्या वर्गात दिसत नाही. फादरांनाही कोणीतरी जेवलात का म्हणून विचारा. सकाळी एकटे मिस्सा म्हणून दुपारी तीन अंत्यविधी करणारा तोही माणूसच असतो.

सूट संपली. पण आता जायची सवयच मोडली आहे.

असं अनेकांचं झालं. एका रविवारी फक्त दार ओलांडा, मागच्या बाकावर बसा. भीती वाटत असेल तर कमी गर्दीची, आठवड्यातल्या दिवसाची मिस्सा निवडा. आणि जे नियमित येतात त्यांनी ‘किती दिवसांनी दिसलात!’ असं म्हणू नये. थोडं सरकून जागा करून द्यावी.

साथीत गेलेल्यांसाठी काही वेगळं करता येईल का?

एक खास मिस्सा ठेवा. त्या काळात गेलेल्या प्रत्येकाचं नाव वेदीवरून मोठ्याने, घाई न करता वाचा, प्रत्येक नावानंतर थोडं थांबा. ज्यांच्या शवपेटीमागून पाचच माणसं चालली, त्यांच्या नावाला या वेळी भरलेलं चर्च उत्तर देईल.